जे. एम. डब्ल्यू. टर्नर

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५ – १९ डिसेंबर, १८५१) हे इंग्लिश चित्रकार होते. निसर्गचित्रणाला युरोपीय चित्रकलेत इतिहासचित्रांच्या बरोबरीचे स्थान मिळवून देणाऱ्या चित्रकारांत त्यांची गणना होते. प्रकाश, धुके, वादळ आणि समुद्र हे त्यांच्या तैलचित्रांचे व जलरंग चित्रांचे मुख्य विषय होत. लंडनच्या रॉयल अकादमीशी त्यांचा संबंध साठ वर्षांहून अधिक काळ राहिला. इतका सार्वजनिक माणूस आपले घरगुती आयुष्य जवळच्या मित्रांपासूनही दडवत असे. आईचा आजार, लग्नाविना झालेल्या दोन मुली आणि अखेरच्या वर्षांतले चेल्सी येथील घर यांविषयी ते कधीच मोकळेपणाने बोलले नाहीत. त्या घराभोवतीचे लोक त्यांना टर्नर म्हणून नव्हे, तर बूथ या नावाने ओळखत होते.

जन्म व बालपण

टर्नर यांचा जन्म लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातील मेडन लेन या गल्लीत झाला. २३ एप्रिल ही आपली जन्मतारीख असल्याचे ते सांगत. हा सेंट जॉर्जचा सण, आणि शेक्सपिअरचा म्हणून मानला जाणारा जन्मदिवसही. चर्चच्या नोंदवहीत मात्र फक्त १४ मे, १७७५ रोजी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. वडील विल्यम टर्नर हे मूळचे डेव्हनचे. ते न्हावी होते आणि केसांचे टोपही बनवीत. मुलाची चित्रे ते दुकानात टांगून गिऱ्हाइकांना विकत असत. आई मेरी मार्शल ही खाटकांच्या घराण्यातली होती. धाकटी बहीण मेरी ॲन वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधीच वारली. त्यानंतर टर्नर यांना टेम्सकाठच्या ब्रेंटफर्ड येथे मामाकडे पाठवण्यात आले. पुढे काही काळ ते केंट किनाऱ्यावरील मार्गेट येथे राहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात याच मार्गेटला त्यांच्या जीवनात वेगळे महत्त्व येणार होते.

स्वतःच्या मुळाविषयी टर्नर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे सांगत. डेव्हनच्या दौऱ्यात आपला जन्म त्याच प्रांतात झाल्याचे त्यांनी सोबत्याला पटवून दिले होते. नेपोलियन आणि वेलिंग्टन ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, म्हणजे १७६९ मध्ये आपण जन्मलो, असेही ते कधी कधी सांगत. हा निव्वळ गमतीचा भाग असावा असे वाटते. तरी स्वतःविषयीची खरी माहिती सहजासहजी हाती लागू न देण्याची सवय त्यांना लहान वयातच लागली होती, हे यातून दिसते.

आईचा आजार

मेरी टर्नर यांचा स्वभाव अत्यंत तापट होता आणि पुढे त्यांचे मानसिक संतुलन पूर्णपणे ढळले. त्यांना प्रथम सेंट ल्यूक रुग्णालयात आणि १८०० मध्ये बेथलेम या वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथेच १८०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बेथलेमचे वैद्य डॉ. थॉमस मन्रो हे चित्रांचे मोठे संग्राहक होते. १७९० च्या दशकात ते संध्याकाळी आपल्या घरी तरुण चित्रकारांना जमवून त्यांच्याकडून जुन्या चित्रांच्या नकला करून घेत आणि त्याबद्दल मोबदला देत. टर्नर आणि त्यांचे समवयस्क थॉमस गर्टिन हे दोघे त्या घरी शिकले. ज्या माणसाच्या आश्रयाने मुलाची कारकीर्द आकाराला आली, त्याच्याच देखरेखीखालील इमारतीत आईचे शेवटचे दिवस गेले. त्या वर्षांत टर्नर अकादमीचे सदस्य होण्यासाठी धडपडत होते. आईचा उल्लेख केलेला त्यांना आवडत नसे आणि तिच्याविषयी कोणी विचारलेले ते खपवून घेत नसत.

अकादमी व कारकीर्द

टर्नर यांना डिसेंबर १७८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांचे जलरंग चित्र अकादमीच्या प्रदर्शनात लागले. १७९६ मध्ये 'फिशरमेन ॲट सी' हे त्यांचे पहिले तैलचित्र प्रदर्शित झाले. ते १७९९ मध्ये अकादमीचे सहसदस्य झाले आणि १८०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पूर्ण सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचा पहिला दौरा केला. इटलीला ते १८१९ मध्ये प्रथम गेले. १८०७ मध्ये त्यांची यथार्थदर्शनाचे प्राध्यापक म्हणून निवड झाली. हे पद त्यांनी तीस वर्षे सांभाळले, मात्र त्यांची व्याख्याने श्रोत्यांना फारशी समजत नसत.

'द फायटिंग टेमरेर' (१८३९), 'द स्लेव्ह शिप' (१८४०), 'स्नो स्टॉर्म' (१८४२) आणि 'रेन, स्टीम अँड स्पीड' (१८४४) ही त्यांची उत्तरकाळातील सर्वाधिक प्रसिद्ध चित्रे होत. भारतात ते कधीच आले नाहीत. तरी लेफ्टनंट जॉर्ज फ्रान्सिस व्हाइट यांच्या रेखाटनांवरून त्यांनी हिमालयातील काही दृश्ये रंगवली आणि ती १८३० च्या दशकात कोरीव छपाईच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

डॅन्बी कुटुंब

संगीतकार जॉन डॅन्बी यांचे १७९८ मध्ये निधन झाले. त्यांच्या विधवा सारा डॅन्बी आणि टर्नर यांचे संबंध त्यानंतर लवकरच जुळले असावेत. या संबंधातून एव्हलिना आणि जॉर्जियाना या दोन मुली झाल्याचे मानले जाते. एव्हलिनाचा बाप्तिस्मा १८०१ मध्ये लंडनमध्ये न करता ससेक्समधील गेस्टलिंग या खेड्यात करण्यात आला. तेथील नोंदीत आईवडिलांची नावे विल्यम आणि सारा टर्नर अशी आहेत, म्हणजे दोघे विवाहित असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्यांनी कधी लग्न केले नाही. संगीतकारांच्या संस्थेकडून साराला विधवा म्हणून निवृत्तिवेतन मिळत होते आणि पुनर्विवाह केल्यास ते बंद झाले असते, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण सांगितले जाते. सारे ओझे या एका कारणावर टाकणे मात्र पटत नाही. टर्नर यांच्या हाती लवकरच भरपूर पैसा आला आणि ते निवृत्तिवेतनाची भरपाई सहज करू शकले असते.

एव्हलिनाने १८१७ मध्ये जोसेफ ड्यूप्विस यांच्याशी विवाह केला. ड्यूप्विस पुढे पश्चिम आफ्रिकेतील अशांटी राज्यात ब्रिटिश कॉन्सल म्हणून गेले. जॉर्जियाना १८४३ मध्ये वारली. मुलींच्या वाढत्या वयात वडील त्यांच्याजवळ कितपत होते याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. सारा डॅन्बी टर्नर यांच्यानंतरही दहा वर्षे जगल्या.

जॉन डॅन्बी यांची पुतणी हॅना डॅन्बी ही सुमारे चाळीस वर्षे टर्नर यांच्या लंडनमधील घराची व्यवस्था पाहत होती. तिला त्वचेचा जुनाट विकार होता आणि त्यामुळे ती चेहरा व मान कापडाने झाकून ठेवी. भेटीस आलेल्या लोकांनी तिच्याविषयी लिहिलेली वर्णने बहुतेक कुचेष्टेची आहेत. ती स्वतः काय विचार करीत होती हे कोणी लिहून ठेवले नाही.

क्वीन ॲन स्ट्रीट

हार्ली स्ट्रीटच्या घराला जोडून टर्नर यांनी १८०४ मध्ये स्वतःचे चित्रदालन सुरू केले. पुढे कोपऱ्यावरच्या क्वीन ॲन स्ट्रीट येथील ४७ क्रमांकाच्या घरात त्यांनी नवे दालन बांधले. आईच्या मृत्यूनंतर वडील त्यांच्याजवळच राहत असत. ते कॅनव्हास ताणून देत, चित्रांना वार्निश लावत आणि दालनाची देखभाल करीत. टर्नर यांनी ट्विकनहॅम येथे स्वतःच्या आराखड्यानुसार सँडिकम लॉज हे छोटे घर १८१३ मध्ये बांधले. तेथून लंडनला दालन उघडण्यासाठी येताना वडील भाजीवाल्याच्या गाडीत बसून येत आणि त्याबदली त्याला एक पेला जिन पाजत, अशी आठवण सांगितली जाते. वडिलांचे निधन सप्टेंबर १८२९ मध्ये झाले. त्याचा टर्नर यांना मोठा धक्का बसला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपले पहिले मृत्युपत्र केले.

त्यानंतर क्वीन ॲन स्ट्रीटच्या घराला अवकळा आली. दालनाचे छत गळू लागले, चित्रांवर ओल चढली आणि हॅनाची बिनशेपटीची मांजरे सर्वत्र फिरत असत. दालनात आलेले लोक काय करतात हे पाहण्यासाठी टर्नर यांनी कामाच्या खोलीच्या दारात एक छोटे भोक ठेवले होते. घरमालक पाहुण्यांना दिसत नसे, पण पाहुणे त्याला दिसत.

मार्गेट आणि बूथ बाई

१८२० च्या दशकाच्या अखेरीपासून टर्नर आगबोटीने वारंवार मार्गेटला जाऊ लागले. तेथे ते बंदरासमोर सोफिया कॅरोलिन बूथ यांच्याकडे भाड्याच्या खोलीत उतरत. या बाईंचे पहिले पती हेन्री पाउंड समुद्रात बुडून मरण पावले होते, तर दुसरे पती जॉन बूथ १८३३ मध्ये वारले. हळूहळू भाडेकरू आणि घरमालकीण यांचे नाते बदलले. या किनाऱ्यावरचे आभाळ युरोपात सर्वांत सुंदर आहे असे टर्नर यांचे मत होते आणि त्यांची अनेक उत्तरकालीन समुद्रचित्रे या वास्तव्यातूनच आली. ज्या ठिकाणी बूथ यांचे घर होते, तेथे २०११ पासून टर्नर कंटेम्पररी हे कलादालन उभे आहे.

चेल्सीतील ॲडमिरल

१८४६ च्या सुमारास टर्नर आणि सोफिया बूथ लंडनच्या पश्चिमेला, चेल्सी येथे टेम्सच्या काठी डेव्हिस प्लेस नावाच्या ओळीतल्या एका लहान घरात राहू लागले. आज हे घर ११९, चेन वॉक म्हणून ओळखले जाते. घर घेताना मालकाने नाव विचारले तेव्हा टर्नर यांनी आधी बाईंचे नाव काय ते विचारले, बूथ असे उत्तर मिळताच मग आपणही बूथच, असे सांगून विषय मिटवला, अशी गोष्ट प्रचलित आहे. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण परिणाम तोच झाला. शेजारीपाजारी त्यांना बूथ समजत. ठेंगणा बांधा, उन्हावाऱ्याने रापलेला लाल चेहरा आणि नदीवरचे बारीक लक्ष यांमुळे दुकानदार त्यांना आरमारातून निवृत्त झालेले ॲडमिरल समजले. गल्लीतली मुले त्यांना पगी बूथ म्हणत. घराच्या छतावर त्यांनी कठडा बांधून घेतला होता आणि पहाटे उठून तेथून ते सूर्योदय पाहत. चार्ल्स ग्रीव्ह्ज हे होडीवाले त्यांना नदीपार नेत असत. त्यांच्याच मुलांनी पुढे व्हिसलर या चित्रकाराला याच पाण्यावर फिरवले.

येथे काळाचा मेळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८४५ मध्ये अकादमीचे अध्यक्ष सर मार्टिन आर्चर शी आजारी असल्याने अध्यक्षपदाची कामे टर्नर पाहत होते. म्हणजे देशातील कलाक्षेत्राच्या सर्वोच्च संस्थेची सूत्रे हाताळणारा माणूस त्यानंतर लवकरच नदीकाठी दुसऱ्याच नावाने राहू लागला, आणि त्याच्या सहकाऱ्यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता माहीत नव्हता. पत्रे क्वीन ॲन स्ट्रीटवर येत. मेजवानीनंतर मित्र त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला येत, ते पत्ता ऐकू यावा म्हणूनच. टर्नर गाडीवानाला आधी फक्त मोठ्या रस्त्याचे नाव सांगत आणि पुढचे गाडी सुटल्यावर सांगत, असे त्यांच्या परिचितांनी नोंदवले आहे. १८४१ च्या जनगणनेच्या रात्री कोणत्याही घरात आपली गणना होऊ नये म्हणून त्यांनी टेम्सच्या पात्रात होडीत रात्र काढली, ही कथाही सर्वत्र सांगितली जाते. तिला आख्यायिकेपलीकडे आधार मानता येत नाही.

याच काळातले तिसरे सोंग त्याहून मजेदार आहे. १८४७ ते १८४९ या काळात टर्नर छायाचित्रकार मेयॉल यांच्या स्टुडिओत अनेकदा जात. प्रकाशाचा रासायनिक परिणाम कसा होतो याविषयी ते तासन्‌तास प्रश्न विचारत. आपण चान्सरी न्यायालयातील अधिकारी आहोत असा समज त्यांनी मेयॉल यांचा होऊ दिला. पुढे एका समारंभात तिसऱ्याच कोणी ओळख करून दिल्यावर मेयॉल यांना खरे नाव कळले. त्यानंतर टर्नर त्या स्टुडिओत पुन्हा फिरकले नाहीत.

सोफिया बूथ यांच्या बाजूने पाहता हे सहजीवन फारसे सुखाचे नव्हते. त्यांनी टर्नर यांच्या मृत्यूनंतर चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स यांना सांगितल्याप्रमाणे, अनेक वर्षांच्या सहवासात पहिले वर्ष सोडले तर घरखर्चाला टर्नर यांनी काहीच दिले नाही. त्या वेळी टर्नर इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत चित्रकारांपैकी एक होते. आजारपणात त्यांची शुश्रूषा याच बाईंनी केली.

शोध आणि मृत्यू

१८५१ मध्ये टर्नर यांनी अकादमीच्या प्रदर्शनाला एकही चित्र पाठवले नाही. शरद ऋतूपासून ते क्वीन ॲन स्ट्रीटवर दिसेनासे झाले. हॅना डॅन्बी वाट पाहत राहिली. अखेर डिसेंबरमध्ये मालकाच्या जुन्या कोटाच्या खिशात तिला चेल्सीचा पत्ता असलेले पत्र सापडले. तब्येत बरी नसतानाही ती एका वृद्ध ओळखीच्या बाईला घेऊन नदीकाठी गेली. आसपासच्या दुकानांत चौकशी केल्यावर बूथ नावाचे वृद्ध गृहस्थ मरणासन्न असल्याचे तिला कळले आणि ते कोण असावेत हे तिने ओळखले. ती त्या घराचे दार न ठोठावताच परतली आणि तिने टर्नर यांचे नातेवाईक व मृत्युपत्राचे व्यवस्थापक हेन्री हार्पर यांना निरोप दिला. हार्पर पोहोचले तेव्हा टर्नर यांची अखेरची घटका आली होती. १९ डिसेंबर, १८५१ रोजी सकाळी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आभाळ आधी अंधारलेले होते आणि शेवटच्या तासात खिडकीतून ऊन आले, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या बार्टलेट यांनी नमूद केले.

मृतदेह क्वीन ॲन स्ट्रीटला आणण्यात आला. ३० डिसेंबर रोजी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये, सर जोशुआ रेनल्ड्स यांच्या थडग्याजवळ, समारंभपूर्वक दफन झाले. पुन्हा एकदा ते टर्नर झाले होते.

मृत्युपत्राचा खटला

टर्नर यांनी मागे सुमारे १,४०,००० पौंडांची संपत्ती ठेवली होती. त्यांच्या मृत्युपत्राचे आणि त्याला जोडलेल्या पुरवण्यांचे दोन मुख्य हेतू होते. आपली पूर्ण झालेली चित्रे राष्ट्राला मिळावीत आणि ती एकत्र राहावीत, हा पहिला. विपन्नावस्थेतील चित्रकारांसाठी निवासगृह उभारावे, हा दुसरा. त्यासाठी ट्विकनहॅम येथे त्यांनी जमीनही घेऊन ठेवली होती. सुरुवातीच्या मृत्युपत्रांत डॅन्बी कुटुंबातील स्त्रियांसाठी वर्षासने होती आणि नंतरच्या पुरवणीत सोफिया बूथ यांचेही नाव आले.

निवासगृहाच्या लाभार्थींसाठी घातलेली अट मात्र अनेक अभ्यासकांना कोड्यात टाकते. लाभार्थी पुरुष असावा, इंग्रज आईबापांच्या पोटी इंग्लंडमध्ये जन्मलेला असावा आणि विवाहसंबंधातून जन्मलेला असावा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे टर्नर यांना मुलगे असते आणि त्यांनी वडिलांचा पेशा पत्करून दैन्य भोगले असते, तरी वडिलांच्याच दानाचा दरवाजा त्यांना बंद राहिला असता. हा शब्दप्रयोग वकिलांच्या ठरावीक साच्यातला असू शकतो. पण टर्नर यांनी मृत्युपत्रात वारंवार फेरफार केले आणि हा शब्द तसाच राहू दिला.

दूरच्या नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि प्रकरण चान्सरी न्यायालयात गेले. ज्या न्यायालयाचे अधिकारी असल्याचा बहाणा टर्नर यांनी केला होता, तेच हे न्यायालय. १८५६ मध्ये तडजोडीने निकाल लागला. पूर्ण व अपूर्ण सर्व चित्रे राष्ट्राला मिळाली, अकादमीला २०,००० पौंड मिळाले आणि उर्वरित मालमत्तेचा मोठा भाग नातेवाइकांत वाटला गेला. निवासगृह कधीच बांधले गेले नाही. तत्कालीन कायद्यानुसार अनौरस संततीला वारस म्हणून हक्क नव्हता. त्यामुळे एव्हलिनाला या वाटणीत नातेवाईक म्हणून स्थान मिळाले नाही आणि चुलत व मावस भावंडांना मिळाले.

राष्ट्राला मिळालेल्या संग्रहात सुमारे ३०० तैलचित्रे आणि जवळजवळ ३०,००० रेखाटने व जलरंग चित्रे आहेत. त्यातला मोठा भाग आज लंडनच्या टेट संग्रहालयात असून त्यासाठी १९८७ मध्ये क्लोर गॅलरी बांधण्यात आली. मृत्युपत्रातील इच्छेप्रमाणे 'डायडो बिल्डिंग कार्थेज' आणि 'सन रायझिंग थ्रू व्हेपर' ही दोन चित्रे नॅशनल गॅलरीत क्लोद लोराँ यांच्या चित्रांशेजारी लावलेली आहेत.

रस्किन आणि जाळलेली रेखाटने

टर्नर यांचे सर्वांत मोठे समर्थक समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या रेखाटनांची छाननी केली. वह्यांमध्ये त्यांना स्त्रीदेहाची आणि शृंगाराची अनेक चित्रणे आढळली. नॅशनल गॅलरीचे राल्फ वॉर्नम यांच्या संमतीने आपण ती १८५८ मध्ये जाळून टाकली, असे रस्किन यांनी नंतर सांगितले आणि जवळजवळ दीडशे वर्षे ही हकीकत खरी मानली गेली. टेटमधील अभ्यासक इयान वॉरेल यांनी वह्यांची पानापानाने मोजणी करून मात्र वेगळा निष्कर्ष काढला. अशा चित्रणांपैकी बरीच अजून संग्रहात आहेत आणि मोठ्या प्रमाणावर पाने नष्ट केल्याचा पुरावा मिळत नाही. १८५७ मध्ये अश्लील साहित्याविरुद्ध नवा कायदा झाला होता. त्यामुळे गॅलरीला अडचणीतून वाचवण्यासाठी रस्किन यांनी जाळल्याचे नाटक रचले असावे, हा तर्क अधिक पटण्याजोगा आहे.

चरित्रे आणि नंतरचे संशोधन

वॉल्टर थॉर्नबरी यांनी टर्नर यांचे पहिले मोठे चरित्र मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष ओळखणाऱ्या लोकांच्या आठवणी त्यात आहेत, त्याचबरोबर ऐकीव गोष्टीही भरपूर आहेत, त्यामुळे त्यातील प्रत्येक विधान तपासून घ्यावे लागते. ए. जे. फाइनबर्ग यांचे १९३९ चे चरित्र याच्या उलट टोकाला जाते. त्यात कागदपत्रांच्या आधारे कारकीर्द काटेकोरपणे मांडली आहे आणि खाजगी आयुष्य शक्य तितके बाजूला ठेवले आहे. सारा डॅन्बी, हॅना आणि सोफिया बूथ यांच्याकडे स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहिले जाऊ लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. माइक ली यांच्या 'मिस्टर टर्नर' (२०१४) या चित्रपटामुळे हॅना आणि सोफिया सामान्य प्रेक्षकांच्याही परिचयाच्या झाल्या. त्यात टर्नर यांची भूमिका टिमोथी स्पॉल यांनी केली आहे.

चेल्सीच्या घरातील काही समुद्रचित्रे सोफिया बूथ आणि त्यांच्या पहिल्या विवाहातील मुलाकडे राहिली. त्यांपैकी तीन पुढे वेल्समधील कलासंग्राहक डेव्हिस भगिनींकडे पोहोचली आणि त्यांच्याकडून वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळाली. विसाव्या शतकाच्या मध्यास तज्ज्ञांनी ती नकली ठरवली आणि ती भिंतीवरून उतरवण्यात आली. २०१२ मध्ये रंगद्रव्यांची तपासणी आणि मालकीची साखळी यांच्या आधारे ती टर्नर यांचीच असल्याचे मान्य करण्यात आले. ती साखळी मागे जाऊन मार्गेटच्या बूथ बाईंपाशी थांबत होती.